मुलाच्या कार्डावर आईबाप

आमच्या युनियनच्या ऑफिसात मंगळवारी आणि शुक्रवारी एका टेबलावर पुठ्ठ्याची पाटी लागायची : ‘दवाखान्याच्या हक्कांविषयी येथे विचारा.’ त्या टेबलामागे मी बसायचे. ऑफिस ठाण्यात, कारखान्यांच्या पट्ट्यात, पहिल्या मजल्यावर. खाली वेल्डिंगचं दुकान. ग्राइंडर सुरू झाला की वर माणसं वाक्याच्या मध्येच थांबायची आणि तो बंद झाला की उरलेलं वाक्य पुरं करायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की कुठेतरी शांत जागी बोलायची वेळ आली तर चुकल्यासारखं वाटायचं.

त्या टेबलावर आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि जगातला प्रत्येक प्रश्न एका पानाच्या पत्रकात मावतो अशी माझी खात्री होती. दोष सगळा माझा नाही. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत पत्रकांचे गठ्ठेच असायचे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. महागाईविरुद्धचा मोर्चा, पाण्यासाठीचा मोर्चा, भाडेवाढ, टाळेबंदी, जे काही उरेल ते घरी यायचं. मी वाचायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’पासून आणि शाळेची गणितं सोडवली ती ‘धिक्कार असो’च्या पाठकोऱ्या बाजूवर.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण घरच्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. समोर म्हातारं माणूस येऊन बसलं की मी ‘काय होतंय?’ असं विचारत नसे. मी विचारायची, ‘पगार कोणाकडून घेत होतात?’ कारण आपल्याकडे म्हातारपणाचा सरकारी दवाखाना आजारावर ठरत नाही, शेवटच्या मालकावर ठरतो. रेल्वेतून निवृत्त झालेला असेल आणि त्याने वेळेत नाव नोंदवलं असेल तर त्याला आणि बायकोला रेल्वेचा दवाखाना. केंद्र सरकारचा पेन्शनर असेल तर त्यांची वेगळी योजना, फक्त दवाखाना घराच्या जवळपास हवा. दुकानात, पेढीवर, खाजगी शाळेत आयुष्य काढलेलं असेल तर सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम तेव्हा निघाली होती. डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका तिचं माहितीपत्रक लाल पेनाने खुणा करून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगं, मी दोनदा वाचलं. म्हणजे मला जे व्हायची शक्यता आहे तेवढं सोडून बाकी सगळ्याला विमा आहे!” याहून चांगलं मला कधी समजावून सांगता आलं नाही.

कल्याणचे एक निवृत्त गार्ड होते. कोटाची सगळी बटणं लावून महिन्यातून एकदा यायचे. त्यांची नोंदणी पक्की होती, कागद चोख होते, आणि ते आजारी कधीच नसायचे.

“नियम बदलला काय हो?”

“नाही काका.”

“मग बरं. येतो.”

एवढ्यासाठी कल्याणहून ठाणे. सुरुवातीला मी चिडायची. पुढे मी मंगळवारी त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवायला लागले.

पण आमचे खरे लोक कारखान्यातले. त्यांना कामगार विमा. पगारातून थोडं कापलं जायचं, त्यात मालक भर घालायचा, आणि विम्याच्या दवाखान्यात घरातल्या सगळ्यांना औषध मिळायचं. फक्त नोकरी सुटली की काही महिन्यांत कार्डही सुटायचं. म्हणजे तिशीत खोकल्याचं औषध फुकट आणि साठीत, जेव्हा शरीर खरोखर हिशेब मागायला लागतं तेव्हा, कोणी ओळखत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नियम झाला : निदान पाच वर्षं विम्यात राहून जो कामगार निवृत्तीच्या वयाला, म्हणजे अठ्ठावन्नला, निवृत्त होईल, त्याने महिन्याला दहा रुपये भरायचे आणि नवराबायकोने पुढेही दवाखाना वापरायचा. मी ते वाचून टेबलावर मूठ आपटली होती. त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘निवृत्तीनंतरही दवाखाना आपलाच!’

त्याच टेबलावर माझ्याच पत्रकांचा आणखी एक गठ्ठा होता. तो आधीचा. आमच्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांत एक रीत होती. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की बापाने राजीनामा द्यायचा आणि त्याच्या जागी मुलाला चिकटवायचं. कंपनीला कमी पगारात तरणा माणूस मिळायचा, बापाला पोरगा मार्गाला लागल्याचं समाधान. बाळकुमच्या बाजूच्या एका कारखान्यात आमच्या युनियनने ही रीत करारात लिहून घेतली. त्याचा मथळा, ‘आपली जागा आपल्याच घरात!’ गेटवर वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. कामगारांना वकिलाकडे खेटे घालायला लागू नयेत म्हणून राजीनाम्याचा मसुदाही मीच करून दिला : ‘मी माझ्या स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे.’ खाली फक्त नाव घालायचं. लोक माझ्या टेबलावरून दोन्ही पत्रकं उचलून न्यायचे. ती एकमेकांचा गळा धरताहेत हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं.

जोमा भोईर एका शुक्रवारी आले. बाळकुमचे कोळी, तीस वर्षं पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर काढलेली. सकाळची पाळी असो की दुपारची, उरलेला वेळ खाडीत. युनियनच्या प्रत्येक सभेला शेवटच्या रांगेत उभे राहणारे आणि सभा संपल्यावर सतरंज्या घड्या करणारे. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाय.

“बाय, झालो गं मी अठ्ठावनचा,” ते म्हणाले. “दे आता तुजा तो दहा रुपयंवाला फारम. हिराची सुई बंद परलीय.”

हिराबाई त्यांची बायको. बारा वर्षं मधुमेह, त्यातली शेवटची काही वर्षं रोज इन्शुलिन. विम्याच्या दवाखान्यातून बाटली मिळायची. नोकरी सुटल्यावर काही महिन्यांनी ती थांबली. मग औषधाच्या दुकानातून विकत आणायला लागले. घरातली साखर, चहा, तांदूळ या सगळ्यांच्या रांगेत आता ती बाटलीही उभी.

मी फॉर्म काढला, नाव लिहिलं, आणि विचारलं, “निवृत्तीचं पत्र आणलंत का काका?”

“पत्र कसला? दोन वर्सांपूर्वीच पोराला, जनार्दनला चिकटवला ना मी. तुज्याच कागदावर सही केली व्हती.”

खाली ग्राइंडर सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला तो बंद होऊ नये असं वाटलं.

बंद झाल्यावर मी म्हटलं, “बघते काका.” खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी जाताना पिशवीतून कागदात बांधलेले दोन बोंबील काढून माझ्या फाइलीवर ठेवले.

पुढच्या आठवड्यात मी विम्याच्या कार्यालयात गेले. चार पानांचा अर्ज लिहून नेला होता. त्यात ‘अन्याय’ हा शब्द नऊ वेळा होता. तिथले साहेब सभ्य गृहस्थ. त्यांनी चारही पानं वाचली. माझा अर्ज शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच अधिकारी.

“तुमचं म्हणणं मला पटतं,” ते म्हणाले. “पण निवृत्तीचं वय होऊन निवृत्त झालेला, असं नियम म्हणतो. हे छप्पन्नाव्या वर्षी गेले.”

“कंपनीची रीतच तशी आहे साहेब. सगळे असेच जातात.”

“रीत मला ठाऊक आहे. पण माझ्यापुढे कागद असतो. कागदावर ‘स्वखुशीने’ लिहिलंय.” त्यांनी चष्मा काढला. “या कारखान्यातले सगळे राजीनामे एकाच भाषेत येतात. मसुदा कोणी करून दिला त्यांना?”

“मी.”

त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला.

घरी जाऊन मी रडले, आणि मग मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. ‘वारसाला जागा देण्यापूर्वी हे वाचा.’ आधीच्या पत्रकात काय लिहायचं राहिलं, त्यामुळे कोणाचं काय गेलं, आणि ज्यांनी अजून राजीनामा दिलेला नाही त्यांनी काय विचार करावा, ते साध्या भाषेत. आमचे सेक्रेटरी गुरव यांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मालकाच्या बाजूला जाऊन बसले.

“वेडी आहेस का? आपली चूक आपणच छापायची? मालक गेटवर चिकटवेल हे.”

“मालकाची चूक आपण छापतोच ना?”

“ती त्याची असते!”

“ही माझी आहे. युनियनचं नाव नका घालू हवं तर. माझं घाला.”

गुरव बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटत बसले. मग म्हणाले, “दोन्ही घालू. तू मसुदा केलास, पण वाचून सही मीच केली होती.” त्या माणसाशी मी पुढे शंभर वेळा भांडले, पण त्या दिवसानंतर मनापासून कधी नाही.

पत्रक वाचून माणसं आली. ज्यांचे राजीनामे अजून खिशात होते ते विचार करायला थांबले. ज्यांचे देऊन झाले होते ते माझ्यासमोर बसून राहिले. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. एक गृहस्थ पत्रकाची घडी घालून माझ्या हातात परत देऊन गेले. त्यानंतर रस्त्यात दिसले तरी त्यांनी मान वळवली, आणि ते बरोबरच होतं. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

जोमाकाकांचं काम मात्र मी सोडलं नाही. मेडिक्लेमकडे गेले. आधीपासूनच्या मधुमेहाला तिथे दार बंद. सरकारी रुग्णालयात तपासणी होत होती, पण बाटली दर वेळी मिळेलच असं सांगता येत नव्हतं, आणि इन्शुलिन ‘असेल तेव्हा’ घ्यायचं औषध नाही. तिसऱ्यांदा विम्याच्या कार्यालयात गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनीच मला हाक मारली. कपाळावर मोठं कुंकू, हातात अर्धवट विणलेला स्वेटर.

“अहो, इकडे या. त्या म्हाताऱ्यांचा मुलगा त्याच जागेवर लागलाय ना?”

“हो.”

“मग त्याच्या कुटुंबात घाला की आईबापाला! विमेदारावर अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात धरतात. पत्रकं जरा कमी लिहा आणि फॉर्मची मागची बाजू वाचत जा.”

त्यांनी जनार्दनचा फॉर्म शोधून काढला. कुटुंबाच्या रकान्यात एकच नाव होतं, त्याच्या बायकोचं.

रविवारी मी बाळकुमला गेले. घरात शिरताना जाळी बाजूला सारावी लागली. हिराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजव्या पायाला पट्टी. टाचेला झालेली छोटीशी जखम दीड महिना भरत नव्हती. बाजूला पाण्याच्या मडक्यात, पातळ फडक्यात गुंडाळून, इन्शुलिनची बाटली सोडलेली. कोळ्याच्या घरात बर्फाला तोटा नाही, पण बर्फात ठेवली तर बाटली गोठून फुकट जाते हे दवाखान्यातल्या नर्सने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुई जोमाकाका द्यायचे. ते स्वतः नर्सकडून शिकून आले होते. तीस वर्षं पत्रा कापणारा हात, पण हिराबाई म्हणाल्या, “मना कलत पन नाय कवा दिली ती.”

मग त्यांनी काकांची पाठ वळल्यावर मला हळूच सांगितलं की बाटली पुरावी म्हणून त्या एक दिवसाआड ‘झाली माजी, सकालीच शेजारनीकडून घेतली’ असं खोटं बोलतात. मी त्यांच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं.

जनार्दन आला, त्याची बायको चहा घेऊन आली, आणि मी सगळं समजावून सांगितलं. जनार्दनने फॉर्म भरायचा, आईवडिलांची नावं घालायची, ते आपल्यावर अवलंबून आहेत असं लिहून द्यायचं आणि सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो जोडायचा.

जोमाकाका म्हणाले, “कोन अवलंबून?”

“तुम्ही आणि मावशी.”

“मी?” ते उठून उभे राहिले. “जागा मी दिली त्याला. माजी मशीन दिली. आनि मी त्याच्यावर अवलंबून? काय बोलतंस बाय तू?”

“बाबा, मी तर लागलो तेव्हाच बोललेलो नावं टाकूया म्हणून,” जनार्दन म्हणाला. “तुम्हीच बोललात, नको, माझं अठ्ठावन्नला स्वतःचं येणार आहे.”

“तू चूप रे! बाय, मी खाडीत जातंय रोज. मी कोनाच्या ताटात जेवत नाय.”

आता माझी पंचाईत झाली. खोटं लिहून द्यायला मी सांगणार नव्हते. ते तत्त्व मी तेव्हाही सोडलं नसतं. म्हणून विचारलं, “काका, बाजारात विकण्याइतके मासे मिळतात का आता?”

ते दारातून खाडीकडे बघत राहिले. त्या दिवसांत खाडीचं पाणी कुठल्या कुठल्या कारखान्यांचं मिळून काळपट झालं होतं. मग ते म्हणाले, “इकायला मिलतंय कुठं आता? कालवनापुरता आला तरी लय.” हे त्यांनी घरात पहिल्यांदाच मोठ्याने बोलून दाखवलं असावं, कारण जनार्दनने मान खाली घातली.

हक्क, कायदा, कलम यांचा इथे उपयोग नव्हता. मला काय वाटलं ते सांगते : त्या क्षणी मला उठून निघून जावंसं वाटलं. आधी माझ्या एका कागदाने या माणसाचा दवाखाना गेला होता, आणि आता दुसरा कागद घेऊन मी त्याच्याकडून ही कबुली काढून घेत होते.

बोलल्या त्या हिराबाई. आवाज न चढवता, पायाची पट्टी सारखी करता करता.

“तुमचा कार्ड व्हता, त्याच्यावर माजा नाव कुठं व्हता हो?”

“कुठं म्हंजे? माज्या खाली.”

“तीस वर्सं. आनि त्या तीस वर्सांत मी काय घरान बसली व्हती? मासलीची पाटी घेऊन बालकुमशी ठान्यापोत चालत जायची मी. जनार्दन पोटान व्हता तवा पन. तुमचा संप झाला, चूल माज्या पाटीवर पेटली. मी व्हती का अवलंबून?”

पट्टीची गाठ मारून त्या म्हणाल्या,

“तरी कागदावर व्हती. तुमच्या खाली माजा नाव, आनि दवाखान्यान गेली की ती पोरगी इचारायची, कोनाची बायको? मी सांगायची. मना कंदी लाज नाय वाटली. तुमाला पोराचा नाव सांगाला लाज वाटतंय?”

जोमाकाका खाली बसले. मग म्हणाले, “तू सुई एक दिस आड घेतंस ना?”

हिराबाई दचकल्या. “कोनी सांगलं?”

“सुई मीच भरतंय नि बाटली मीच बघतंय. मना काय कलत नाय?” ते जनार्दनकडे वळले. “चल. कुठं काडायचा तो फोटो?”

फोटो काढायला आम्ही सगळे ठाण्याला गेलो, स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत. हिराबाईंना रिक्षातून उतरवून आत नेलं. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा. फोटोग्राफरने नेहमीप्रमाणे दोन खुर्च्या पुढे मांडल्या आणि म्हाताऱ्या जोडप्याला बसायची खूण केली, मुलगा-सून मागे उभे. त्याने प्रत्येकाची हनुवटी बोटाने वर-खाली केली आणि काळ्या फडक्याखाली जाणार एवढ्यात जोमाकाका उठले.

“कार्ड कोनाचा हाय?”

“माझं बाबा,” जनार्दन म्हणाला.

“मग तू बस.”

“काहीतरीच काय बाबा! तुम्ही बसा.”

“आरं, बस म्हंतो ना. ज्याचा कार्ड तो बसतो. तुजी आय बसंल, तिचा पाय दुकतो. मी हाय उबा.”

फोटोग्राफर माझ्याकडे बघायला लागला. जनार्दन खुर्चीच्या अगदी काठावर बसला, उठायच्या तयारीत असल्यासारखा. सून सासूच्या मागे गेली. जोमाकाका मुलाच्या मागे उभे राहिले आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांनी त्याला मागे, पाठीला टेकेपर्यंत नीट बसवलं.

“हलू नको,” ते म्हणाले.

फोटो निघाल्यावर फोटोग्राफरने पावती लिहायला घेतली. “ऑफिससाठी ना? दोन कॉप्या पुरतील.”

“तीन कर,” जोमाकाका म्हणाले.

“तिसरी कशाला काका? ते दोनच मागतात.”

“घरान लावाला,” ते म्हणाले, आणि हिराबाईंना आधार द्यायला हात पुढे करून म्हणाले, “चल गं, उशीर झाला. तुजी सुई राहिलीय.”